ज्वालामुखीच्या काठावर

सांतोरिनीला जाऊन आलो असे सांगितले की माणसे एकच प्रश्न विचारतात, "सूर्यास्त पाहिलात का?" पाहिला. इया नावाच्या गावात शेकडो माणसांच्या खांद्यांमधून पाहिला, आणि आमच्या सौ.नी तिथल्या तिथे निकाल दिला, की महाबळेश्वरचा सूर्य याहून काही कमी तांबडा नसतो. तेव्हा सूर्यास्ताचे प्रकरण इथेच आटोपतो.

2025 च्या मे महिन्यात एका परिसंवादासाठी अथेन्सला जाण्याचा योग आला. मागे चार दिवस मोकळे होते. पिरेअसच्या बंदरात सकाळी बोटीत बसलो आणि दुपार कलताना बोट जिथे शिरली ते ज्वालामुखीचे पोट होते. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी (नेमक्या सालाबद्दल पंडितांचे भांडण अजून चालू आहे) या बेटाचा मधला भाग उडाला, खचला आणि समुद्र आत आला. उरली एक चंद्रकोर. तिचा कडा तीनशे मीटर सरळ उभा; त्यात काळे, तांबडे, राखाडी थर आणि अगदी माथ्यावर मीठ सांडावे तशी पांढरी घरे.

मी पाटण तालुक्यातला. आमच्या सह्याद्रीचा काळा कातळ हाही एके काळचा लाव्हाच. पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवला. इथला अजून जागा आहे. पाण्याच्या मधोमध दिसणारे नेआ कामेनी हे काळे बेट 1707 साली समुद्रातून वर येऊ लागले, आणि तिथला शेवटचा उद्रेक 1950 सालचा.

आम्ही उतरलो ते घर कड्याच्या राखेत खोदलेले होते. दर्शनी भिंत तेवढी बांधलेली, मागच्या खोल्या गुहेसारख्या, वर कमानीचे छत. घरमालकीण शहात्तर वर्षांच्या. सारा गाव त्यांना 'याया' म्हणे, म्हणजे आजी. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि आम्हांला ग्रीक. मध्ये त्यांची कॉलेजात शिकणारी नात दुभाषी.

पहिल्याच रात्री पानात पिवळे, मऊ काहीतरी आले. वर चिरलेला कांदा, ऑलिव्हचे तेल आणि खारवलेल्या केपरच्या कळ्या. सौ.नी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अहो, हे तर पिठले!" याला इथे 'फावा' म्हणतात. चौकशी केली तेव्हा कळले, की ही डाळ म्हणजे आपल्या विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण. लाखोळीच्या नशिबी 1961 साली विक्रीबंदी आली. ही मात्र बेटाचा अभिमान होऊन बसली आहे. दुसऱ्या दिवशी बारीक टोमॅटोंची भजी झाली, तिसऱ्या दिवशी पांढरी वांगी. त्या वांग्यांचे बी मिळेल का, ही सौ.ची खटपट शेवटपर्यंत चालू होती.

नवल असे, की या बेटावर नदी नाही आणि पाऊसही बेताचाच. समुद्रावरून रात्री येणारा दमटपणा सच्छिद्र राख शोषून घेते आणि झाडे त्यावर जगतात. द्राक्षवेलींना मांडव नाही. वारा इतका, की वेल जमिनीवरच टोपलीसारखी गोल वळवतात आणि घड आत लपवतात. नाशिकच्या बागाईतदाराने पाहिले तर कपाळाला हात लावील! पण एकोणिसाव्या शतकात ज्या किडीने युरोपभरच्या द्राक्षबागा खाल्ल्या तिला ही माती मानवली नाही. इथल्या वेली आजही आपल्याच मुळांवर उभ्या आहेत.

तिसऱ्या दिवशी अक्रोतिरी पाहिले. स्पिरिदोन मारिनातोस यांनी 1967 साली राखेखालचे हे शहर खणायला सुरुवात केली आणि 1974 साली तिथेच अपघातात त्यांचा अंत झाला. दुमजली-तिमजली घरे, गटारे, माणसाच्या कमरेइतके रांजण. पण पॉम्पेईसारखी माणसे राखेत सापडली नाहीत. आधी धरणीकंप झाले तेव्हाच लोक निघून गेले. त्यातले काही परत आले. ढिगारे उपसले, दगड बाजूला रचले, एका घरात तर भिंत रंगवायचे काम निघाले होते. मग पुन्हा सारे उठून गेले. कुठे, ते कोणालाच ठाऊक नाही.

तिथली काही चित्रे फिरा गावाच्या संग्रहालयात आहेत. त्यांत निळी माकडे आहेत, शेपट्या वर उचलून खडकांवर चढणारी. 2019 साली काही अभ्यासकांनी म्हटले, की ही आपल्याकडची वानरे दिसतात. सौ. म्हणाल्या, "त्यात संशोधन कशाला? आपल्या कौलांवरची हीच की!"

त्या रात्री अंगणात बसलो असता यायांना विचारले, की अशा जागी भीती नाही वाटत? त्यांनी कमानीकडे बोट केले. 9 जुलै 1956 च्या पहाटे भूकंपाने ती कोसळली होती. तेव्हा त्या सात वर्षांच्या. पन्नासांहून अधिक माणसे गेली, कितीतरी घराणी अथेन्सला निघून गेली. यांच्या वडिलांनी कमान पुन्हा बांधली. आणि 2025 च्या फेब्रुवारीत पुन्हा रात्रंदिवस धक्के सुरू झाले. अकरा हजारांवर माणसे बेट सोडून गेली. मुलगा येऊन यायांना अथेन्सला घेऊन गेला. तिथे तिसऱ्या मजल्यावर त्यांनी तीन आठवडे काढले.

"मग परत का आलात?"

नातीने विचारले. याया काहीतरी तुटक बोलून आत गेल्या. नात हसली. "म्हणते, कोंबड्या शेजारणीकडे ठेवल्या होत्या. शेजारीण नीट बघत नाही."

मला हसू आले नाही. माझी आई गावाकडे एकटी असते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला धरणीकंप झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. त्या वेळी पडलेली माजघराच्या भिंतीची भेग 2024 च्या पावसाळ्यात हातभर वाढली. दोन वर्षे मी तिला पुण्याला चल म्हणून सांगतो आहे आणि दर वेळी ती एक नवे कारण काढते: म्हैस, चिंच, ग्रामदेवतेची जत्रा.

रात्री फोन लावला तो तेच पुन्हा सांगायचे ठरवून. पण बोलता बोलता मी तिला हे घर सांगत बसलो. ती मध्येच म्हणाली, "मग आढं कशाचं आहे रं?"

"आढं नाहीच, आई. दगडांची कमान आहे."

"पडली नाही?"

"पडली होती. परत बांधली."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दिवाळीला येशील तवा गवंडी बघून ठेव."

"ठेवतो," मी म्हणालो.