बादलीतला गणपती

जोगेश्वरी पूर्वेला श्यामनगरचा तलाव आहे. गणेशविसर्जनाला तेथे मोठी गर्दी लोटते. आमच्या शेजाऱ्यांनी मात्र एका वर्षी दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन घरीच, बादलीत केले. चार दिवसांनी पाहतात तो रंग सुटलेला, मूर्ती जशीच्या तशी! “सर, विरघळत कशी नाही हो?” आजींनी मला विचारले. मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची होती.

थोडा हिशेब करू. 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळते. प्लास्टर पाण्यात कालवून घट्ट झाले की त्याचे जिप्सम बनते; ते मात्र एक लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे 20 लिटरच्या बादलीत 50 ग्रॅम. तेवढ्यावर द्रावण संपृक्त झाले, मग महिनाभर ठेवा! दोन किलोच्या मूर्तीला 800 लिटर पाणी हवे.

असे का व्हावे? पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धनभारित, तर दुसरी ऋणभारित असते. हे रेणू मिठातील सोडियम व क्लोराइड आयनांना घेरतात आणि स्फटिकातून ओढून काढतात. जिप्सममधील कॅल्शियम व सल्फेट आयनांवर दुप्पट भार असतो. त्यांची पकड सुटता सुटत नाही. (मॅग्नेशियम सल्फेटच्या आयनांवरही तेवढाच भार असतो, तरी ते भराभर विरघळते. लहानग्या मॅग्नेशियमला पाणीही तितकेच घट्ट धरते. तेव्हा नुसत्या भारावरून निकाल देऊ नका.)

आणि शाडूची मूर्ती? तीही विरघळत नाही! मातीचे कण फक्त सुटे होतात. हे द्रावण नव्हे, निलंबन. तासाभराने तळाशी गाळ दिसतोच.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली युक्ती 2016 मध्ये पुण्यात घरोघरी वापरली गेली. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट टाकायचे, साधारण मूर्तीच्या वजनाइतके. विरघळलेले थोडे कॅल्शियम आयन कार्बोनेट होऊन तळाशी बसतात. द्रावणातील कॅल्शियम असे सतत कमी होत गेल्याने ते संपृक्त राहत नाही, म्हणून आणखी जिप्सम विरघळते. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, अमोनियाचा वासही येतो. बादली गॅलरीत ठेवलेली बरी. वर उरते अमोनियम सल्फेटचे पाणी, म्हणजे खतच. आजींनी ते भरपूर पाणी मिसळून जास्वंदीला घातले.