घराला माणूस लागतं

सकाळी ८.१५

बसमधून उतरले तेव्हा भुरभुर चालू होती. ऑक्टोबरअखेरच्या आठवडाभराच्या शालेय सुट्टीचा पहिला शनिवार, म्हणजे आज पोरांचा लोंढा येणार. पाऊस असला तरी येणार. पावसाला भिऊन घरात बसायचं ठरवलं, तर इथल्या पोरांना वेल्स कधी दिसायचंच नाही.

मी सेंट फॅगन्सला काम करते. कार्डिफच्या पश्चिम वेशीवरचं हे उघड्यावरचं संग्रहालय. वेल्श भाषेत त्याचं नाव साइन फागान. वेल्सच्या कानाकोपऱ्यांतून चाळीसहून जास्त इमारती इथे उचलून आणल्या आहेत: शेतघरं, चर्च, शाळा, पिठाची गिरणी, टपाल कचेरी, किराणा दुकान, आणि २०२४ पासून कार्डिफ शहरातला एक जुना पबसुद्धा. आत यायला तिकीट नाही, गाडी लावायचे काय ते पैसे. त्यामुळे चार पोरांचं कुटुंबही डबा घेऊन दिवस काढू शकतं.

माझा हुद्दा संग्रहालय सहायकाचा. पण पाटणला आईशी फोनवर बोलताना मी सोपं करून सांगते, ‘दुसऱ्यांच्या घरात चूल पेटवते.’

सकाळी ८.४५

आज सकाळची पाळी केनिक्स्टनला. हे शेतघर गावर नावाच्या द्वीपकल्पावरचं, मूळ बांधकाम १६१० चं, १९५५ पासून इथे. गवती छप्पर आणि गेरूसारख्या लाल भिंती. आत गेल्यावर आधी ओल्या गवताचा वास येतो, मग कालच्या धुराचा.

वाकून कालची राख बाजूला केली. खाली बारीक ढलप्या, त्यांवर अंगठ्याएवढी लाकडं, मग ओंडका. पहिला जाळ धरला आणि विझला. दुसरा नुसताच धुमसला. डोळ्यांतून पाणी आलं. फुंकणी नाही म्हणून गुडघ्यांवर बसून तोंडानंच फुंकर घातली, तेव्हा कुठे पेट घेतला.

हे सगळं पाहुण्यांच्या हौसेसाठी आहे असं मला पहिल्या आठवड्यात वाटलं होतं. मग कळलं की घरालाच ऊब हवी असते. वेल्सची हवा ओली. जाळ बंद झाला की भिंती पाणी धरतात, लाकडाला बुरशी येते, छपराचं गवत कुजायला लागतं. माझी आजी म्हणायची, घराला माणूस लागावं, नाहीतर वाळवी लागते. इथे वाळवी नाही, पण आजीचं म्हणणं लागू आहे.

सकाळी १०.००

दार उघडलं. ‘बोरे दा’, म्हणजे सुप्रभात. माझ्या गळ्यातल्या पट्ट्यावर नारिंगी खूण आहे: मी वेल्श शिकते आहे, माझ्याशी वेल्श बोला, पण बेतानं. ही भाषा शिकताना सगळ्यांत जास्त घाम फोडणारा उच्चार म्हणजे दोन एल जोडून लिहितात तो. जीभ ‘ल’च्या जागी टेकवायची आणि दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची. मला जमेना तेव्हा मी सोबतच्या मंडळींना ‘ळ’ म्हणायला लावला. ‘तिळाचं तेल काळं’ या तीन शब्दांत सगळी आडवी झाली. तेव्हापासून माझ्या उच्चाराला कुणी हसत नाही.

पहिलं कुटुंब आलं ते ओलं होऊनच. बाबाच्या खांद्यावर एक, हाताशी एक, आईच्या पाठीवर डबे. रबरी बुटांतली मुलगी सरळ जाळापाशी गेली आणि तळवे पसरून उभी राहिली. चुलीपाशी कसं उभं राहायचं, हे तिला कुणी शिकवलं नसणार.

सकाळी ११.३०

आता रांग. घराच्या आत दहा-बारा माणसं मावतात, बाकीची दारात. मुलांचे प्रश्न ठरलेले असतात. इथे कोण राहतं? संडास कुठे आहे? भूत आहे का? हॅलोविन तोंडावर आल्यामुळे आज तिसरा प्रश्न पहिला झाला.

या प्रश्नाला केनिक्स्टनसारखं दुसरं घर नाही. ‘भिंती लाल का आहेत सांगा?’ मी विचारते. कुणी म्हणतं रंग उरला होता, कुणी म्हणतं रक्त. मग मी सांगते की लाल रंग वाईट शक्तींना घराबाहेर ठेवतो, अशी जुन्या लोकांची समजूत होती. लालबुंद फळांच्या रोवन झाडालाही तोच मान होता. सांगताना दर वेळी आमच्या दाराला टांगलेलं लिंबू-मिरची डोळ्यांपुढे येतं. दारातून काय आत येईल, ही धास्ती गावरमध्ये आणि पाटणमध्ये सारखीच.

मुलांना सगळ्यांत आवडतो तो जाळाशेजारचा पेटीपलंग: लाकडी कपाटासारखा, आत शिरून दार ओढून घ्यायचं. ‘यात किती जणं झोपायची?’ एका मुलानं विचारलं. मी म्हटलं, ‘थंडी किती आहे त्यावर.’ त्याची आई हसली, मुलगा मात्र गंभीरपणे बोटं मोजायला लागला.

गर्दी सरकली की मी त्यांना पुढच्या घरांच्या वाटा दाखवते. ज्यांना जाळाची गोडी लागली, त्यांना हेन्द्रेर-इविदला पाठवते. उत्तर वेल्समधल्या त्या घराचं लाकूड १५०८ सालचं. खोडावरच्या वर्तुळांवरून साल काढलं आहे. तिथे धुराडंच नाही. जमिनीच्या मधोमध जाळ, खिडक्यांना काच नाही, आणि एका टोकाला त्याच छपराखाली गुरं. आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या माणसाला ते घर समजावून सांगावं लागणार नाही.

दुपारी १.००

जेवणाची सुट्टी अर्धा तास. डेर्वेन बेकरीतून गरम पाव आणला. ही बेकरीही अॅबरिस्टविथहून आणलेली, १९०० सालची, आणि भट्टी अजून चालते. सुट्टीच्या दिवशी तिथली रांग चर्चपर्यंत जाते.

चर्च म्हणजे संत तेइलोचं. स्वान्झीजवळून दगड न् दगड नोंदवून, क्रमांक घालून ते इथे आणलं आणि पुन्हा उभारलं. वीस वर्षांहून जास्त काळ लागला, २००७ मध्ये ते उघडलं. हलवताना चुन्याच्या थरांखाली मध्ययुगीन भित्तिचित्रं निघाली. म्हणून आता आतून ते १५३० च्या सुमाराला दिसलं असेल तसं, झगझगीत रंगांचं, सजवलं आहे.

या सगळ्यामागे इओर्वर्थ पीट हा माणूस. सुताराचा मुलगा, कवी, आणि १९४० साली वेल्श घरांवर पुस्तक लिहिणारा अभ्यासक. स्टॉकहोमचं स्कान्सेन हे १८९१ चं उघडं संग्रहालय त्याच्या डोळ्यांपुढे होतं. प्लिमथच्या अर्लनं इथला वाडा आणि बागा देऊ केल्या, आणि १ जुलै १९४८ ला दारं उघडली. संग्रहालय म्हणजे राजांच्या तलवारी, अशी समजूत असलेल्या काळात पीटनं सुताराचं, विणकराचं, शेतकऱ्याचं घर मांडायचं ठरवलं. सुताराच्या पोरालाच हे सुचावं.

जेवताना शेजारी बसलेली माझी सहकारी बाला नावाच्या गावाकडची. तिच्या आजीची शाळा कापेल केलिन या गावात होती. लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून तिथल्या त्रवेरिनच्या खोऱ्यात धरण बांधलं. वेल्सच्या जवळजवळ सगळ्या खासदारांचा विरोध होता, तरी बांधलं. १९६५ मध्ये शाळा, टपाल कचेरी, चॅपेल, शेतघरं, सगळं पाण्याखाली गेलं. तिनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तिला कोयना धरणाचं सांगितलं. साठच्याच दशकात आमच्या आजीचं गाव शिवसागराच्या पाण्यात गेलं. आजोबांनी दाराची चौकट आणि दोन तुळया बैलगाडीत घातल्या. दगडांना क्रमांक घालायला कुणी आलं नव्हतं. चौकट नव्या गावात बसवली तेव्हा ती दोन बोटं उंच झाली, आणि पुढे जन्मभर आजी त्या उंबऱ्याला ठेचकाळत राहिली.

आम्ही दोघी त्यावर जास्त बोलत नाही. पाव वाटून खातो.

दुपारी २.००

तासभर रिद-इ-कारला. मर्थिर टिडविलमधल्या लोखंड कारखान्याच्या कामगारांची सहा घरांची चाळ. घरं एकसारखी, पण प्रत्येक वेगळ्या काळात मांडलेलं: १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि १९८५. मागे प्रत्येकाचं परसही त्या त्या काळाचं. कुटुंबं या टोकाला शिरतात आणि त्या टोकाला बाहेर पडतात. मधल्या मोजक्या पावलांत १८० वर्षं जातात.

पहिल्या घरांत आई-वडील मुलांना माहिती देतात. १९५५ च्या घरात आजी-आजोबा बोलायला लागतात. १९८५ च्या घरात मात्र आईच ओरडते, ‘हा सोफा आमच्याकडे होता!’ आणि पोरं तिच्याकडे असं बघतात की जणू तीही इथलीच, काचेआडची.

दुपारी ३.१५

नांतवाल्टर. कार्मार्दनशरमधली मजुराची दोन खोल्यांची झोपडी, साधारण १७७० ची. भिंती मातीच्या, गवत कालवलेल्या, वर गवताचंच छप्पर. मातीची भिंत दगडांसारखी क्रमांक घालून उचलता येत नाही. ती इथे पुन्हा हातांनीच रचावी लागली.

सोबतीणीची पाळी संपली होती आणि जाळ मेल्यातच जमा होता. मी खाली वाकून फुंकर घालत होते, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

‘आगं, राख तटलीया खाली. वारा कुठनं शिरायचा?’

वळून पाहिलं तर दारात एक आजी. सहावारी, वर पुरुषी स्वेटर, पायांत पांढरे बूट. मागे लेक, तिच्या पोटाशी बांधलेलं दोन महिन्यांचं बाळ, आणि छत्री मिटणारा जावई. कोल्हापूरकडच्या, लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या.

‘मराठी हायस व्हय?’ मी मान हलवताच त्यांनी बूट काढले. ‘मावशी, बूट राहू द्या, जमीन गार आहे,’ मी म्हटलं. ‘घरात का बूट घालून शिरायचं?’ त्या म्हणाल्या आणि चुलीपाशी बसल्या.

जाळाला हात लावायची पाहुण्यांना परवानगी नाही. मग त्या सांगत गेल्या आणि मी करत गेले. राख मागं सार. मोठं लाकूड आडवं, बारकं त्यावर तिरकं. फुंकू नकोस एवढं, जरा दम घे. तिसऱ्या मिनिटाला जाळ भडकला. दारातली बाकीची कुटुंबं थबकून बघत होती. त्यांना वाटलं असावं की हा आमच्या कार्यक्रमातलाच भाग.

‘ह्ये घर कुणा राजाचं?’

‘मजुराचं, मावशी.’

‘मग बघायला काय हाय त्यात?’ असं म्हणत त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला, आणि फिरवतच राहिल्या. ‘असलीच हुती आमची. दर दिवाळीला लिंपायची. सासू म्हणायची, कोपरा सोडलास तर जेवाय मिळायचं न्हाई.’ मग एकदम माझ्याकडं वळून, ‘आनि तुला ह्ये करायचा पगार देत्यात?’

‘देतात की.’

‘नुस्ती चूल पेटवायचा?’

‘हो.’

त्यांनी लेकीकडं पाहिलं, जावयाकडं पाहिलं, मग जाळाकडं. ‘मग माझं चाळीस वरसाचं देनं लागत्यात कुनीतरी.’

लेक हसली, मीही हसले. त्या मात्र हसल्या नाहीत. उठल्या, बूट घातले, आणि जाता जाता म्हणाल्या, ‘राख रातीलाच काढ. सकाळी तरास न्हाई.’

संध्याकाळी ५.००

दारं बंद. शेवटची कुटुंबं वाटेवरून गाड्यांकडे चाललेली. एक पोर रडतंय, एकाच्या हातात ग्वालिया या इथल्या किराणा दुकानातल्या गोळ्यांची पुडी, एका बापाच्या खांद्यावर झोपलेलं ओझं. कुणी सहा घरं पाहिली, कुणी नुसती इथे पाळलेली डुकरं. दोन्ही चालतं.

निखारे पसरून विझू दिले. एरवी मी राख सकाळवर ठेवते. आज झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून बाहेर, भिंतीपासून लांब ठेवली. चूल स्वच्छ करून उद्याच्या ढलप्या कोरड्या जागी रचल्या. मग दाराशी जरा थांबले. ही भिंत पुन्हा उभी करणाऱ्यांनी मोठंच काम केलं. पण ती उभी राहते ते त्यानंतर रोज कुणी वाकतं म्हणून. केनिक्स्टनच्या, नांतवाल्टरच्या बायका तीच राख काढत आल्या. त्यांतल्या एकीचंही नाव आमच्या पाटीवर नाही, पगारपत्रकावर तर नाहीच.

संध्याकाळी ५.४०

बसमध्ये काचा धुक्यानं पांढऱ्या झालेल्या. उद्या पहाटे घड्याळं तासभर मागे जाणार, म्हणजे उद्या या वेळी काळोख असेल. शेजारच्या बाईंनी नाक किंचित वर केलं आणि हसून विचारलं, ‘शेकोटी का? आत्तापासूनच?’ पाच नोव्हेंबरला इकडे ठिकठिकाणी शेकोट्या आणि फटाके असतात, त्याबद्दल त्या म्हणत होत्या.

मी कोटाची बाही हुंगली. खरंच, सगळा धूर.

‘नाही,’ म्हटलं, ‘कामावरून येतेय.’