मालवणी बोलीतील काटकसर : ‘निस्त्याक’, ‘आगोट’ आणि ‘पेज’

एखाद्या प्रदेशाचा नित्याचा आहार कोणता, हे पाकपुस्तकांपेक्षा तेथील बोलीवरून अधिक नेमके कळते. हॉटेलांच्या पाट्यांवर ‘मालवणी जेवण’ म्हणून मिरवणारे सुरमई-पापलेटाचे ताट हे वस्तुतः पाहुणचाराचे ताट होय. बेताच्या उत्पन्नात घर चालविणाऱ्या गृहिणीची व्यवस्था निराळी असून ती काही मोजक्या शब्दांत साठलेली आहे.

पहिला शब्द ‘निस्त्याक’. भातावर घेण्याच्या कालवणास मालवणीत ही संज्ञा आहे. अंत्य ‘क’ हा या बोलीतील चतुर्थीचा प्रत्यय (‘घराक’, ‘बाजाराक’) असावा आणि मूळ शब्दाचे नाते मासळीवाचक कोकणी ‘नुस्तें’ या शब्दाशी दिसते. तथापि मासळी नसेल त्या दिवशी कुळथाची पिठीही निस्त्याकच ठरते. म्हणजे हे नाव पदार्थाचे नसून ताटातील स्थानाचे आहे. ग्रीक भाषेत याच्या उलट प्रवास घडला. तेथे भाकरीसोबतच्या तोंडी लावण्यास ‘ऑप्सॉन’ म्हणत. त्याच्या लघुत्वदर्शक रूपापासून आधुनिक ग्रीकमधील ‘प्सारी’, म्हणजे मासा, हा शब्द आला. मालवणीत स्थान कायम राहते आणि त्या दिवशी जे स्वस्त व सुलभ असेल ते तेथे बसते. काटकसरीचे हे पहिले सूत्र.

दुसरा शब्द ‘आगोट’. पावसाळ्याचा आरंभ आणि त्यापूर्वी करावयाची बेगमी, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. खवळलेल्या समुद्रामुळे ताजी मासळी दुर्मीळ होते. म्हणून उन्हाळ्यातच खारा बांगडा, सोडे आणि ‘गोलमो’, म्हणजे सुका जवळा, भरून ठेवावयाचा. याच दिवसांत पिकलेल्या कोकमांच्या साली रसात पुनःपुन्हा बुडवून वाळविल्या की सोले तयार होतात. मीठ घातलेला रस ‘आगळ’ म्हणून टिकतो. मूठभर गोलम्यात कांदा व खोबरे मिसळून केलेली किसमूर साऱ्या घराच्या तोंडी लावण्यास पुरते. येथे मासळी अन्नाचा भार उचलीत नाही, ती अन्नास चव देते.

तिसरा शब्द ‘पेज’. उकड्या तांदळाच्या या पातळ अन्नास गरिबीची खूण मानण्याची प्रथा आहे. आहारशास्त्र तसे म्हणत नाही. भात उकडताना कोंड्यातील ब-जीवनसत्त्वांचा काही अंश दाण्यात उतरतो आणि पेजेतील पाणी फेकले जात नसल्याने तो वायाही जात नाही. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. ती उणीव कुळीथ भरून काढतो. कुळथात सुमारे २२ टक्के प्रथिने असतात. शिवाय भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो पिकतो. म्हणजे येथेही उरलेल्याचाच उपयोग आहे.

या व्यवस्थेमागे इतिहास आहे. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील कित्येक घरे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत. १९८२ च्या गिरणी संपाने अशा अनेक घरांचा तो आधार डळमळला. पैसा मुंबईचा असला, तरी तो पुरविण्याचे शास्त्र गावातील स्त्रियांच्या हाती होते. ते लिहिले गेले नाही, बोलले गेले.

आता वर्षभर सर्व काही बाजारात मिळत असल्याने आगोटीची निकड ओसरत आहे आणि निकडीबरोबर शब्दही मागे पडत आहेत. कोशात ‘आगळ : कोकमाचा खारा रस’ एवढी नोंद झाल्याने अर्थ टिकेल, कोणत्या महिन्यात, किती मिठाने, कोणत्या भांड्यात, हे टिकणार नाही. म्हणून बोलीच्या अभ्यासकाने शब्दासोबत क्रियाही टिपून घेणे अगत्याचे आहे. ती सांगणाऱ्या स्त्रिया वयोवृद्ध होत आहेत; हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.