बेघरांचा निवारा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपुरातील बेघरांच्या निवाऱ्याचे काम महानगरपालिकेच्या समाजविकास विभागाकडे आहे, आणि या विभागाने रात्री पाठ टेकायला जागा दिली की प्रश्न मिटतो, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. प्रत्यक्षात निवाऱ्यात आलेल्या माणसाला पुढे जे लागते, त्यातले बहुतेक या विभागाच्या अखत्यारीत येत नाही. शिधापत्रिका अन्नधान्य पुरवठा कार्यालयाची, निराधार अनुदान तहसीलचे, तर उपचार शासकीय रुग्णालयाचे. त्यामुळे या कार्यालयांकडे चिकाटीने पाठपुरावा करणे हेच या छोट्या यंत्रणेचे मुख्य काम ठरते, मग ते अहवालात दिसो वा न दिसो.

निवारा हिवाळ्यापुरता असतो, हा दुसरा समज. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने लोकसंख्येच्या दर एक लाखामागे शंभर जणांचा एक कायमस्वरूपी, बारमाही निवारा असा निकष घातला होता. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 24,05,665 असल्याने या हिशेबाने सुमारे 24 निवारे लागतात. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढणाऱ्या नागपुरात दुपारची सावली थंडीतल्या पांघरुणाइतकीच निकडीची असते.

बेघर म्हणजे भिकारी, हे समीकरण सर्वांत घातक आहे. हमाली, बांधकाम, कचरावेचणी करून पोट भरणारे कितीतरी लोक केवळ भाडे परवडत नाही म्हणून पदपथावर झोपतात. मार्च 2023 मध्ये नागपूर पोलिसांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली सार्वजनिक ठिकाणी भीक मागण्यास मनाई केली होती. अशा आदेशाने चौक मोकळे होतात, पण कोणाला घर मिळत नाही.

पत्ता नाही म्हणून नागरिकत्वाचे हक्कही नाहीत, असे बेघर स्वतःही मानतात. मतदार नोंदणीबाबत निवडणूक आयोगाचा नियम मात्र स्पष्ट आहे: अर्जदाराने सांगितलेल्या जागी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, एकापेक्षा अधिक रात्री जाऊन तो तेथेच झोपतो याची खात्री करतो, आणि तशी खात्री पटल्यास रहिवासाचा कागद मागता येत नाही.

समन्वयाची खरी कसोटी मनोरुग्ण बेघरांच्या बाबतीत लागते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नुसार रस्त्यावर भटकणाऱ्या अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य संस्थेत पोहोचवणे ही पोलिसांची जबाबदारी असून तिला कोठडीत ठेवता येत नाही. त्याच कायद्याप्रमाणे, केवळ घर नाही किंवा नातेवाईक स्वीकारत नाहीत एवढ्या कारणास्तव बऱ्या झालेल्या माणसाला रुग्णालयात अडकवून ठेवणेही अमान्य आहे. म्हणून नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून त्याला सुटी मिळण्याआधीच त्याची पुढची सोय रुग्णालय आणि महापालिकेने एकत्र बसून ठरवायला हवी. नाहीतर तो पुन्हा पदपथावरच येतो.