मातेचा उपचार हाच बाळाचा उपचार

गर्भवती स्त्री हेरॉइन, फेन्टॅनिल अथवा दुसरे अफूसदृश द्रव्य घेते, तेव्हा ते वारेतून गर्भाच्या रक्तात सहज उतरते आणि ज्या मेंदूची घडण अद्याप पुरी व्हावयाची आहे, त्या मेंदूलाच त्याची सवय जडते. म्हणून नाळ कापली जाऊन हा पुरवठा एकाएकी तुटला, की बहुधा पहिल्या एक ते तीन दिवसांत ते अर्भक कर्कश रडू लागते, थरथरते, वरचेवर शिंकते आणि भुकेले असूनही त्याला दूध नीट ओढता येत नाही.

अशा काही बाळांच्या मेंदूचे आकारमान किंचित लहान आढळले आहे, आणि पुढे काहींना भाषा, अवधान व वर्तन यांतही अडचणी येतात; तथापि तंबाखू, कुपोषण आणि दारिद्र्य हीही बहुधा त्याच मातांच्या वाट्याला आलेली असल्यामुळे साऱ्याचे खापर एकट्या अफूवर फोडता येत नाही.

अमेरिकेत डॉ. लोरेटा फिनेगन यांच्या १९७५ च्या गुणपद्धतीप्रमाणे परिचारिका दर काही तासांनी बाळाच्या शिंका, जांभया आणि कंप यांचा हिशेब मांडीत, आणि बेरीज वाढली की मॉर्फिन सुरू होई. पुढे येल विद्यापीठातील डॉ. मॅथ्यू ग्रॉसमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीनच प्रश्न पुढे ठेवले: बाळ पुरेसे दूध घेते का, तासभर सलग झोपते का, आणि कुशीत घेतल्यावर दहा मिनिटांत शांत होते का? २६ रुग्णालयांतील सुमारे १,३०० बाळांवरील, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रीतीमुळे घरी जाण्याजोगे होण्याचा काळ सुमारे १५ दिवसांवरून ८ दिवसांवर आला, आणि औषध लागणाऱ्या बाळांचे प्रमाण शेकडा ५२ वरून सुमारे २० वर उतरले. अंधारी, शांत खोली, अंगावरचे दूध आणि आईची ऊब यांनीच पुष्कळसे काम केले.

याउलट टेनेसी राज्याने २०१४ साली गर्भावस्थेत अशी द्रव्ये घेणाऱ्या मातांवर फौजदारी गुन्हा दाखल करण्याचा कायदा अंमलात आणला, तेव्हा धास्तावलेल्या स्त्रिया तपासणीलाच येण्याचे टाळू लागल्या. २०१६ साली मुदत संपताच तो कायदा संपुष्टात आला. गर्भावस्थेत अफू एकाएकी तोडणे धोक्याचे असते, आणि वैद्यांच्या देखरेखीखाली मेथाडोन वा ब्युप्रेनॉर्फिन देणे हाच मान्य मार्ग आहे. परंतु त्यासाठी त्या स्त्रीने दवाखान्याची पायरी चढली पाहिजे. म्हणून ज्या सरकारला बाळाची खरी काळजी आहे, त्याने प्रथम त्याच्या आईला अभय द्यावे.