वाळूचा चर उभा दिसतो, तरी उतरू नका

अपघात विभागात आणलेल्या त्या मजुराच्या अंगावर मोठी जखम नव्हती. पाइपलाइनच्या चरात तो छातीच्या वरपर्यंत गाडला गेला होता. ‘तोंड तर बाहेरच होतं, डॉक्टर. मग जीव कसा गेला?’ भावाने विचारले.

श्वास घेण्यासाठी छाती फुगावी लागते. एक घनमीटर वाळूचे वजन साधारण दीड टन भरते. श्वास सोडताना छाती आत जाते, तेवढ्या जागेत वाळू सरकते आणि पुढचा श्वास आणखी तोकडा होतो. काही मिनिटांतच मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो.

मग चराच्या भिंती आधी उभ्या कशा राहतात? दमट वाळूच्या कणांना पाण्याचा पातळ थर एकमेकांशी धरून ठेवतो. मुलांचा वाळूचा किल्लाही असाच टिकतो. उन्हाने ओल सुकली किंवा पाझराने वाळू पाण्याने भरली, की पकड सुटते. कोरडी वाळू साधारण 30 ते 35 अंशांपेक्षा जास्त उतारावर थांबत नाही. त्यामुळे ‘सकाळपासून उभा आहे’ हा भरवसा कामाचा नाही.

समुद्रकिनाऱ्यावर खोल खड्डे खणणाऱ्या मुलांनाही हाच धोका असतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 2007 साली अशा 52 घटनांची नोंद प्रसिद्ध झाली, त्यांतील 31 जण दगावले होते.

भारतीय मानकानुसार दीड मीटरपेक्षा खोल चराला फळ्या-टेकूंचा आधार हवा. वाळूत त्याआधीच सावध व्हावे. काढलेली माती कडेला रचू नये, यंत्रे आणि वाहने दूर ठेवावीत, चरात शिडी असावी.

कुणी गाडले गेल्यास घाईने आत उडी मारू नका. कड पुन्हा ढासळते. 108 आणि अग्निशमन दलाला कळवा. कडेवर फळ्या टाकून तोंड आणि छाती आधी हातांनी मोकळी करा. जेसीबी लावू नका. पाय बराच वेळ दबले असतील तर तसे रुग्णवाहिकेला सांगा. सुटकेनंतर चिरडलेल्या स्नायूंतील पोटॅशियम रक्तात येऊन हृदय बंद पडू शकते, म्हणून सलाइन आधीच सुरू करावे लागते.

भावाला मी हे सारे समजावले. तो एवढेच म्हणाला, ‘फळ्या उद्या येणार होत्या.’