पायी हज? मग सुरत कशाला होती?

हजचा हंगाम आला की छत्रपती संभाजीनगरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता विमानं आली, पूर्वी इथून लोक पायीच मक्केला जायचे." सांगणारा इतक्या खात्रीनं सांगतो, की जणू तोही सोबत निघाला होता. नकाशा उघडायची तसदी मात्र कुणी घेत नाही.

मध्ये अरबी समुद्र आहे, महाराज! इराण-इराकमार्गे खुष्कीची वाट होती, उत्तरेकडचे काही जण तिनं जातही. पण हाताशी बंदर असताना दख्खनच्या माणसानं ती वाट का धरावी? उलट मध्य आशियातले अनेक सुन्नी यात्रेकरू शिया सफवींचा इराण टाळून हिंदुस्थानात उतरत आणि इथून जहाज धरत. शहरातल्या पाणचक्कीचे सूफी बाबा शाह मुसाफिर हेही मध्य आशियातल्या बुखाऱ्याकडच्या मुलखातले. त्यांचा तकिया, म्हणजे फकिरांचा मठ, अशा वाटसरूंचा आसरा होता.

चालणं होतं, पण सुरतेपर्यंतचं. मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर) झाली आणि दख्खनमधलं मोगलांचं मुख्य ठाणं बनली. तिथून सुरतेचा रस्ता सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए यानं टप्प्याटप्प्यानं नोंदवला आहे: सुरत, बारडोली, नवापूर, पिंपळनेर, दौलताबाद, औरंगाबाद. कुणी पायी, कुणी बैलगाडीनं ही वाट तुडवत असे. सुरतेला तेव्हा 'बाब-उल-मक्का', म्हणजे मक्केचा दरवाजा, असंच म्हणत. जहाजानं अरबस्तानातल्या जिद्दाला उतरलं की मक्का सुमारे ८० किलोमीटर.

खरी अडचण वाऱ्याची होती. शिडाची जहाजं साधारण मार्चमध्ये सुरतेहून सुटत आणि पावसाळा सरता सरता, सप्टेंबरच्या सुमारास परतत. हजची तारीख चंद्रावर ठरते, दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. वारा काही तिच्यासाठी थांबत नाही. त्यामुळे एखाद्या वर्षी यात्रेकरूला अरबस्तानात महिनोन्‌महिने मुक्काम करावा लागे. 'हजला गेलेला वर्ष-वर्ष परतत नसे' या आठवणीचं मूळ इथं आहे, पायपिटीत नाही.

आणि ही जहाजं फक्त भाविकांची नव्हती. तळाशी कापडाच्या गठड्या, वर यात्रेकरू. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं लुटलेलं 'गंज-इ-सवाई' हे बादशाही जहाजही असंच, व्यापाराचा पैसा आणि यात्रेकरू घेऊन सुरतेला परतत होतं. त्याला नुसतं 'खजिन्याचं जहाज' म्हणणारे त्यावरच्या माणसांना विसरतात.

'हजचं बंदर म्हणजे पहिल्यापासून मुंबई' हेही चूक. निजामशाही-आदिलशाहीच्या काळात चौल-दाभोळ, मग सुरत. मुंबईचा जोर वाफेच्या जहाजांनंतरचा, एकोणिसाव्या शतकातला. १९०० मध्ये मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली आणि औरंगाबादकरांना मुंबई गाठणं सोपं झालं. बोटीची हज कधीच इतिहासजमा झाली? नाही, मुंबई-जिद्दा फेऱ्या १९९५ पर्यंत चालल्या. शेवटचं जहाज 'अकबर'. सरकार आजही अनुदान देतं? सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ते टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं आणि २०१८ मध्ये ते संपलं. मराठवाड्यातल्या हाजींना मक्केतल्या निजामांच्या रुबातमध्ये, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासात, जागा मिळते, तीही सरकारी खैरात नव्हे. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या यात्रेकरूंसाठी केलेली ती धर्मादाय सोय आहे.

तरीही आपले पणजोबा पायीच गेले अशी कुणाची खात्री असेल, तर घरातली जुनी पेटी उघडून पाहावी. यात्रेचा पास किंवा बोटीचं तिकीट हाती लागलं, तर त्यावर बंदराचं नाव वाचा आणि तो कागद रद्दीत जाऊ देऊ नका.